दुरुस्ती

आमचा पेपर लहान होता
कारण मशीनचं तोंडच तेवढं होतं.
आजोबा गिऱ्हाइकाला सांगायचे,
भजी खाऊन झाली की कागद झटका,
बातमी शाबूत असते.

'तिसरा प्रहर'. रविवार कारंजा. पाच नवे पैसे.
चारला मशीनवरून, साडेचारला सीबीएसवर,
पिंपळगावची एसटी सुटायच्या आत
खिडकीखिडकीतून सरकवलेला,
शाई ओली, बोटं काळी.

मथळ्यांचा मोठा टाइप इंदूरहून आणलेला,
एका हिंदी छापखान्याच्या मोडीतून, वजनावर.
त्यात ळ नव्हता.
म्हणून पंधरा वर्षं या शहरात
एकही घोटाळा झाला नाही. भानगडी झाल्या.
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं
तेव्हाही गोंधळ उडाला नाही, हाहाकार उडाला;
दुष्काळ पडला नाही, टंचाई आली.
यासीन कोकणी, आमचे कंपोझिटर, म्हणायचे,
शेठ, तुमचं आडनाव कोठुळे,
तुम्ही काही मोठ्या बातमीत यायचे नाही.
आजोबा हसायचे. बरंच आहे, म्हणायचे.

ते गेले त्या रात्री
यासीनचाचा घरी गेले नाहीत.
खिळ्यांच्या केसखालची सागवानी फळी काढून
पटाशीनं कोरत बसले, उलटा,
आरशात दिसतो तसा ळ.
दुसऱ्या दिवशी चार वाजता
सगळ्या मथळ्यात तेच एक अक्षर
बाकीच्यांहून जास्त काळं, जरा वर आलेलं,
गर्दीत टाचा उंचावून बघणाऱ्या पोरासारखं.

मग काका आणि बाबा.
वाटणीत काकांकडे पेपरचं नाव आलं, बाबांकडे मशीन.
नऊ दिवस नाशिकला ना हे मिळालं ना ते.
दहाव्या दिवशी मशीन चाललं. बोलणं नाही.
अग्रलेख वरच्या मजल्यावरून
दोरीला बांधलेल्या पिशवीतून खाली यायचा,
प्रूफ त्याच पिशवीतून वर.
राशिभविष्य आई लिहायची. बाबांची वृश्चिक.
'आज भावाशी बोलावे' असं तिनं
तीन वर्षं लिहिलं. छापलं बाबांनीच.

पण मला सांगायचंय ते गर्गेंचं.
मार्तंड गर्गे, नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये मोजणीला.
तिथं एक आकडा चुकला तर चौकशी बसते,
आमच्याकडे चूक म्हणजे उद्याचा मजकूर.
एकाहत्तरच्या दिवाळीनंतर आम्ही त्यांना मारलं,
पान एक, चौकटीत, फोटोसकट.
गेलेले गर्गे पंचवटीतले, वेगळे.
हे दुसऱ्या दिवशी सायकलवरून आले,
कॅरियरला स्वतःसाठी आलेला हार.
म्हणाले, लिहिलंत चांगलं, पण घाई केलीत.
आजोबांनी दुरुस्ती छापली आणि शब्द दिला:
हयातभर पेपर फुकट.

हयात फार निघाली.
आजोबा गेले, यासीनचाचा गेले,
काका बोलू लागले आणि गेले,
रंगीत पुरवण्यांची जाडजूड दैनिकं आली.
शेवटच्या अंकाच्या दोनशे प्रती.
त्यातली एक जेलरोडला, गर्गेंच्या दारात,
मी स्वतः नेऊन दिली.
'उद्यापासून?'
उद्यापासून नाही, म्हटलं.
'म्हणजे शब्द तुम्ही मोडलात,' ते म्हणाले.
'मी अजून आहे.'

परवा ते गेले. चौऱ्याण्णव.
मोठ्या पेपरात शब्दामागे पैसे मोजावे लागतात,
मुलानं बातमी दिली नाही.
माझ्या टेबलावर सागवानी ळ आहे,
पण यांच्या नावात तो लागत नाही.
तेव्हा साध्या पेनानंच लिहिते:

नोव्हेंबर एकाहत्तरच्या अंकातली
आपली बातमी आता बरोबर आहे.
घाईबद्दल दिलगीर आहोत.