फुली

धोबीतलावला, जिन्याखालच्या सात बाय नऊमध्ये
मी कागदांची भाषा बदलून देतो.
पोर्तुगीज असले तर आधी अंदाजानं वाचतो, मग पास्कोलला विचारतो.
जन्म, बाप्तिस्मा, लग्न. पानाला साडेतीनशे. शिक्का वेगळा.

कायतान फुर्तादचा आजा मीच शोधून काढला,
१९११ च्या वहीत, वाळवीनं सोडलेल्या दीड ओळीत.
त्या दीड ओळीवर नातू लिस्बन न बघता पोर्तुगीज झाला
आणि स्विंडनला खोकी उचलायला गेला. अकरा वर्षं झाली.
माझी भाची सुचेता त्याच गावात नर्स,
आपल्या निळ्या पासपोर्टवर. अडीच वर्षं.

त्या जूनमध्ये तो देश स्वतःलाच विचारत होता:
राहायचं, की निघायचं?

इकडं वरच्या मजल्यावर, त्यांच्या गावच्या कुडात,
आल्तारासमोरच्या बाकांवर रोज संध्याकाळी सभा.
पास्कोल, बोटीवर तेहेतीस वर्षं स्टुअर्ड:
"अठ्ठावीस जणांची एक मेस.
रश्श्यात मीठ कुणाच्या जिभेनं घालणार? निघू दे त्यांना."
बेंतू टेलर, तोंडात टाचण्या:
"मेस सोडशील रे. भूक कुठं सोडशील?"
मग मीठ राहायचं बाजूला आणि जुनं निघायचं,
सदुसष्टचा गोव्याचा कौल.
फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे वेगळं.
माझे वडील फुलाचे, पास्कोलचा बाप पानांचा.
याच जिन्यावर दोघं अंग चोरून चढले-उतरले,
निकाल लागल्यावरही, कितीतरी महिने.
मत दोघांनाही नव्हतं. मुंबईत राहत होते ना.
भांडायला रहिवासी दाखला लागत नाही.

कायतानचा फोन आला जेवणाच्या सुट्टीत,
मागे पट्ट्यांची घरघर.
"अंकल, मला मत नाही."
असं कसं?
"मी पोर्तुगीज. इथं मत त्यांना,
ज्यांच्यावर यांनी कधीकाळी राज्य केलं.
सुचेताला आहे. आपला पासपोर्ट ठेवला असता तर मलाही असतं.
अर्थात, मग इथं आलोच नसतो."
हसला. मला हसता येईना.
ती दीड ओळ माझी, शिक्काही माझाच.
"तिला सांगा, माझं तिच्या हातात आहे."

सांगितलं. सुचेता गप्प.
मग म्हणाली, "मामा, आमच्या वॉर्डातल्या मुली म्हणतात,
यांची रांग थांबली तर आपली सरकेल.
सौमित्रचे कागद दोनदा परत आलेत."
थोड्या वेळानं, "कायतानदादा परवाच हीटर नीट करून गेला."
मग?
"मग काय. पेन्सिल देतात म्हणे. फुली मारायची."

रात्रभर ती फुली डोक्यात.
आमच्याकडं फुली मारली की ती गोष्ट गेली:
चुकलेलं गणित, मेलेला ग्राहक, उधारीतलं नाव.
तिकडं ज्याच्यावर फुली, तेच हवं असतं.
हे मी भाषांतर करणारा माणूस,
मलाही उलगडायला पहाट झाली.

शुक्रवारी साडेनऊला बेंतूनं टीव्ही बंद केला.
पास्कोलच्या मनासारखं झालं होतं.
तो नुसताच खिडकीशी उभा, मेहुणीचा नंबर लावत;
तिची दोन्ही पोरं तिकडंच.
अकराला माझ्या दारात सतरा माणसं.
"किती दिवस राहिले हो?"
"तेवढ्यात आजा मिळेल का?"
मी वह्या खाली काढल्या, झटकल्या.

सुचेतानं काय केलं, मी विचारलं नाही.
कायताननंही नसावं विचारलं.
रविवारी तिच्याकडं जेवला, फोटो आला:
बांगड्याचं तिखलं, दोन ताटं, एक रिकामी खुर्ची.
सुचेता हसतेय.
चष्मा कपाळावर सारून, फोन नाकाशी धरून
मी तिचे हात शोधले.
फोटो खांद्याखाली कापलेला होता.