वाक्यात उपयोग करा

नववी ब, तुर्भे स्टोअर, महापालिकेची शाळा.
फळ्यावर मी लिहिलं: हॉजपॉज.
वर्ग हसला. शब्दच तसा,
जिन्यावरून पातेलं गडगडत गेल्यासारखा.

अर्थ म्हणून मी खिचडी म्हणाले.
पण खिचडीत कसली अव्यवस्था?
डाळ-तांदूळ मोजून, मग मीठ, मग वाफ.
काला म्हणाले, तर तो प्रसाद निघाला.
मोहिते म्हणाला, बाई, मिसळ!
तर्री आधी की फरसाण,
यावर तर त्याच्या काकाचं दुकान चालतं.
आपल्याकडे साधा गोंधळसुद्धा
देवीला आवतण देऊन, चौक भरून घालतात.

आणखी एक शब्द ओठांपर्यंत आला,
सरमिसळ भाषेला माझे वडील सर्रास वापरायचे.
त्यात एका जातीचं नाव आहे.
गिळला. घशात
बराच वेळ खरखरत राहिला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून उत्पला हिवराळे:
"म्हणजे मिक्स माल ना, बाई?"
कसला मिक्स माल?
"निवडायच्या आधीचा. गाडी उपडी होते ना, तो.
मग आई बसते. कडक वेगळं, दूधपिशवी वेगळी,
बाटल्यांची बुचं वेगळी.
मिक्सला किलोमागं सहा. निवडला की अठरा."

कुणी हसलं नाही.
खिडकीतून मार्केटच्या कांद्याचा वास,
खाणीकडचा धुरळा.

घरी, कोपरखैरण्याला, शब्दकोश काढला.
शब्द मुळात एका हंडीचा: मटण, कंद, हाताला लागेल ते.
खाली बारीक टाइपात, त्याच्याच भावकीतला
कायद्याचा एक जुना शब्द:
वारसांनी आपापल्या पदरातलं
आधी एकत्र ओतायचं,
मग वाटे करायचे. सारखे.
दोनदा वाचलं.
तळमजल्यावरचे पदू म्हात्रे
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी
एकोणीस वारसांच्या सह्या जमवताहेत, अकरा वर्षं.
त्यांना सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

सोमवारी वह्या आल्या.
बहुतेकांची खोली हॉजपॉज होती, गाईडातली.
उत्पलाचं वाक्य:
माय मदर इज सिटिंग इन हॉजपॉज सिन्स मॉर्निंग.

काळ चुकला होता.
चालू पूर्ण वर्तमानकाळ हवा,
मी समासात लिहिलं:
सकाळी सुरू झालेलं,
अजून न संपलेलं.