पेरं

पंचायतीच्या हॉलात शालन सिस्टरनं
पिशवीतून रबराचा स्तन काढला
तेव्हा सगळ्याजणी तोंडाला पदर लावून हसल्या.
क्लेमेंतिना तर उठून बाहेरच गेली.
"आत गाठ लपवलीय. शोधा."
कुणाला सापडेना.
मला सापडली, पहिल्याच फेरीत.

त्यात काय मोठं?
तेराव्या वर्षापासून झुआरीच्या ओहोटीत
कमरेत वाकून चिखल चाचपते.
डोळ्यांना तिथं काम नाही.
खडा कुठला, रिकामी शिंपली कुठली
आणि मिटून बसलेली जिवंत तिसरी कुठली,
पेरांना कळतं.

सिस्टर म्हणाली, पाळी सरली की
महिन्यातून एकदा, गोल गोल, काखेपर्यंत.
दोन महिने मी नदीच चाचपली.
अंगाला हात लागायचा तो साबणापुरता,
तोही घाईत,
न्हाणीला कडी नाही म्हणून.

तिसऱ्या महिन्यात दाराला कळशी टेकवली.
डावीकडे, काखेच्या अलीकडे,
वालाच्या दाण्याएवढं काहीतरी.
दुखत नव्हतं.
म्हणूनच भ्याले.

बांबोळीला एकटीच गेले, पहिल्या बसनं.
पुन्हा गेले, रिपोर्टाला.
डॉक्टरीण म्हणाली, "आहे.
पण वेळेत आलात."
त्या दोन वाक्यांच्या मधे
मी किती वेळ उभी होते, कोण जाणे.

सोमवारी ऑपरेशन.
आज अमावास्येची मोठी ओहोटी.
नदीवर उतरायच्या आधी
क्लेमेंतिनाच्या दारात टोपली ठेवली.
म्हटलं, चल बाई, आधी न्हाणीत.
कळशी मी धरते.
तुझीही बोटं तिसऱ्याच काढतात ना?