शंभरात अठरा

कुताइसीत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
पावाची खिडकी रस्त्याच्या पातळीखाली आहे.
वाकूनच मागावा लागतो पाव.
आत बद्री, तोनेच्या तोंडाशी:
मातीची माणूसभर खोल भट्टी, तळाशी निखारे.
कमरेपर्यंत झुकतो, ओला गोळा भिंतीवर थापतो,
झटक्यात वर येतो, कुणी हाक मारल्यासारखा.
बावीस वर्षं. दिवसातून तीनशे वेळा.

मी रोज दोन घेते.

मंगळवारी त्याने प्रयोगशाळेत डबी दिली, मान खाली घालून.
माझ्या तोंडावर मास्क होता. ओळखलं नसेल, असं धरून चालले.
लेबलवर वय एकेचाळीस, वेळ नऊ दहा,
आणि माझ्या पिशवीत त्याच्याच हातचा पाव, अजून ऊन.

भिंगाखाली चौकटी मोजणं हे माझं काम.
पुढे जाणारे. जागीच वळवळणारे. निपचित.
बोटाखाली कळ: टक, टक.
एकाला दोन डोकी. एकाची शेपूट गुंडाळलेली.
एक गोल गोल फिरतोय,
किल्ली हरवलेला माणूस घराभोवती फिरतो तसा.
सरळ जाणारे शंभरात अठरा.
दोनदा मोजायचा नियम आहे.
मी तिसऱ्यांदाही मोजले.

डॉक्टर त्सिआला समजावतात ते मला पाठ आहे:
डावीकडची नस लांबचा पल्ला चढते,
वर मूत्रपिंडाच्या नसेला काटकोनात मिळते.
झडपा सैल पडल्या की रक्त अर्ध्यावरून परत फिरतं,
खाली साचतं, नसा फुगून येतात,
खोकायला सांगितलं की बोटांना गांडुळांची पुडी लागते.
देहाने जे मुद्दाम अंगाबाहेर ठेवलं,
गार राहावं म्हणून वेगळी खोली काढून,
तिथेच शेगडी पेटते. अंश, दोन अंश.
त्याला कुणी ताप म्हणत नाही.

मग प्राणवायूच बिथरतो.
आई अक्रोड कधी सोलून ठेवायची नाही.
हवा लागली की खवट, म्हणायची,
ज्यात तेल जास्त ते आधी जातं.
यांची साल अशीच, पातळ नि तेलकट.
डोक्यात चिठ्ठी, मानेत इंजिन, मागे शेपूट,
एवढंच बिऱ्हाड; डागडुजीचं सामान न्यायला जागा कुठली?
साल खवटते, शेपूट लुळी पडते,
कधी चिठ्ठीच फाटते आतल्या आत,
आणि पोचलाच कुणी, तरी निरोप अर्धा.

गल्ल्यावर मकवाला बसते.
नऊ वर्षं तिच्याच तपासण्या.
तिच्याच नळ्यांत रंग सोडला,
तिलाच सासूने डोंगरावरच्या मठात नेलं, गुडघ्यांवर.
त्याला कुणी विचारलं नाही.
पिठाचं पोतं एका हाताने उचलणारा माणूस
आमच्या गावात आजारी नसतो.

बुधवारी मी वाकले. दोन पाव आले.
मी नाणी ठेवली, त्याने परत सरकवली.
मी पुन्हा ठेवली.
त्याने पुन्हा सरकवली.
"काय चाललंय तुमचं?" आतून मकवाला.
दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

ऑक्टोबरात नस बांधली. बोटाच्या पेराएवढी चीर.
नवं पीक तयार व्हायला अडीच महिने जातात,
आणि आलं तरी मूल होईलच असं नाही;
त्सिआला हे कधी लपवत नाहीत.
तोनेत आता पुतण्या झुकतो, कडा जाळतो,
बद्री स्टुलावर बसून त्याच्यावर ओरडतो.
आम्ही सगळे जळक्या कडांचा पाव खातो.

जानेवारीत बर्फ पडत असताना डबी आली.
मकवालाच घेऊन आली,
कोटाच्या आत, पोटाशी धरून, गारठू नये म्हणून.
"नऊ वर्षं गुडघे फोडले मी," म्हणाली,
"आणि हा म्हणतो, नस."
हसली नाही. रडलीही नाही.
"लवकर कर. पोरगा दुकानात एकटा आहे."

डबी हातात घेतली. चांगलीच कोमट होती.
थेंब काचेवर ठेवला, वरून काच.
ती बाकावर बसून राहिली, कोटाची बटणं न लावता.
टक.