तिसरं चाक

शेडचं दार सप्टेंबरपासून उघडंच आहे.
लावून तरी काय करायचं,
किह्नू बेटावर मिठाला कुलूप चालत नाही.

अडुसष्ट सालची इझ आहे ही, साइडकारवाली.
आधी आईची. मग बरीच वर्षं कुणाचीच नाही.
तावो पेर्नूहून येतो तेव्हा म्हणतो,
मावशी, रीगात नवे मडगार्ड मिळतात,
हे टाक ना भंगारात.
मी त्याला चहा देते.
त्याच्या हातांना अजून कशाचाच वास येत नाही.

गंज दोन जातींचा.
एक वरवरचा, पिठासारखा, फडक्यालाही घाबरणारा.
दुसरा पापुद्र्यांचा: नखाने उचलावा
तर खाली आणखी एक, त्याखाली आणखी,
आणि मग थेट पलीकडचं गवत दिसतं.

बोल्ट रात्रभर रॉकेलमध्ये.
मडगार्ड मासे खारवायच्या प्लास्टिकच्या पिंपात,
धुण्याचा सोडा, पाणी, बॅटरीचा चार्जर,
काळी तार मडगार्डला, लाल तार मोडक्या फावड्याला.
उलटं केलंत तर गंज राहतो नि मडगार्ड जातं.
एकदा केलंय मी.
रात्रभर बारीक बुडबुडे येतात,
पिंपात बसून कुणी पुटपुटत हिशेब करावा तसे.
सायलेन्सरच्या क्रोमला चॉकलेटची चांदी
आणि नळाचं पाणी, बस्स.
चॉकलेट माझं.

काल साइडकारचा तळ घासत होते.
आधी निळा गेला, तो माझ्या हातचा.
मग हिरवा.
आणि हिरवा नि कारखान्याचा काळा, यांच्या मधोमध
एक गोल ठिगळ.
हेरिंगच्या डब्याचं झाकण.
सहा रिबिटा, एक वाकडी.
माशाचा शेपटीकडचा अर्धा अजून ओळखू येतो.

आई कधी बोलली नाही.
ह्या तळावर डुकराचं पिल्लू बसलं, दाई बसली,
माझ्या लग्नातलं अकॉर्डियन बसलं वाजवणाऱ्यासकट.
बाबांची पेटी आत मावेना
म्हणून काठांवर आडवी ठेवून जाळ्याच्या दोरीने बांधली,
आणि आई पहिल्या गिअरमध्ये, चर्चपर्यंत,
मागे वळून न बघता.
भोक कुठल्या फेरीत पडलं
ते झाकण सांगत नाही.

हे असंच ठेव, तावो म्हणाला फोटो काढत,
वरून नुसतं वार्निश मार, लोकांना दिसेल.
आईने ऐकलं असतं
तर दोघांनाही पान्हा फेकून मारला असता.
ठिगळ काय दाखवायला लावतात?

शुक्रवारी रेडऑक्साइडचा हात दिला.
आमच्यात माणूस गेलं की
घागऱ्याचे पट्टे काळे-निळे होतात,
मग हळूहळू एकेक लाल रेघ परत येते.
गाडीचं उलटं. आधी सगळी लाल,
मग काळी.
मी लाल असतानाच दोन दिवस राहू दिली,
प्रायमर वाळायला एक पुरतो तरी.

सहाशे नंबरचा पॉलिशपेपर, पाण्यात बुडवून.
मग काळा. मग पुन्हा काळा.
दुसऱ्या हातात एक चिलट अडकलं, ते राहिलं.
रंगाखालूनही झाकणाचा काठ अंगठ्याला लागतो.
लागू दे.

आता तिसरं चाक.
छत्तीस तारा, त्यातल्या अकरा हलायला तयार नाहीत.
शेजारची हेलमी कुंपणावरून विचारून गेली,
चालू झाली की पहिल्यांदा कुठे जाणार?
दुकानात, म्हटलं.
मीठ संपलंय.