रेघ

उचगावच्या बायपासचा नकाशा
टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार कप.
बांधकामचे घोरपडे म्हणाले, "फक्त साडेतीन किलोमीटर."

शमशाद सिस्टरनं पिशवीतून
खोकल्याची वही काढली,
रेघेवरच ठेवली.
शाळा नंबर सहा. पंप ओढणारी अकरा पोरं.
बाराव्याचं नाव खोडलेलं.

मग साखर कारखान्याचे खोत बोलले,
ट्रॅक्टर रात्री कुठनं जातात ते.
फौंड्रीवाला गप्प. नंतर त्यानंच विचारलं,
"वारा कुठला असतो हो, दुपारी?"

कुणालाच ठाऊक नव्हतं.
कप उचलता उचलता शिपाई दगडू म्हणाला,
"पश्चिमेचा. शाळेकडंच जातो. आम्ही तिथंच राहतो."

घोरपड्यांनी पेन्सिल मागितली.
खोडरबर
कुणाच्याच खात्यात नव्हतं.
शाळेतनं मागवलं.