साचा

शिरोलीत, भट्टीच्या मागच्या खोलीत
बावीस वर्षं मी हिशेब लिहिते.
जगाची बातमी मला कानांनी कळते :
खडखडाट थांबला की समजायचं,
नाव न ऐकलेल्या एखाद्या शहरात
कुणाची तरी बँक बुडाली.

आठ सालच्या दिवाळीआधी असंच झालं.
परदेशातून तीन ओळींचा मेल : माल पाठवू नका.
पंपांची चारशे सत्तर कास्टिंगं, रंग देऊन,
शेडमध्ये उभी,
लग्न मोडलेल्या मांडवातल्या खुर्च्यांसारखी.

तवनाप्पा मगदूम, आमचे मोल्डर,
वाळूवर बोटानं रेघ ओढत म्हणाले,
"मॅडम, भट्टी विझली तर पेटवता येतीया.
गडी गावाकडं गेला की हात परत येत न्हाई."

त्या वेळी दिल्लीनं कर उतरवला, बँकेनं हप्ते लांबवले.
आम्ही निम्म्या पाळीवर तगलो.
पुढं नवा कर आला, नवं पोर्टल आलं,
रात्री दोनला उघडणारं.
मी शिव्या घातल्या त्याला, मोजून, अस्सल कोल्हापुरी.
आणि वीसच्या उन्हाळ्यात, सगळं बंद असताना,
विनातारण कर्जासाठी बँकेनं मागितले
नेमके तेच कागद,
त्याच रात्रींचे.

शेजारच्या इंद्रजित घोरपड्यांकडे ते नव्हते.
नऊ माणसं, रोखीचा धंदा, खिशातली वही.
जूनमध्ये त्यांनी क्रेन विकली.

राधानगरीला तळं भरलं
की दारं आपोआप उघडतात.
कुणी कोरड्या दिवसांत, कोऱ्या कागदावर
पुराचा हिशेब मांडून गेलंय.
धरण वाचतं.
खाली चिखलीत पाणी शिरतं;
तेही त्याच हिशेबातलं का,
हे मला कुणी सांगितलं नाही.

आता म्हणे पुन्हा कुठल्या समुद्रात जहाजं अडलीत.
वर्तमानपत्र म्हणतं, देश उभा राहील.
राहील. मी आकडे पाहते, मला तसंच वाटतं.

बाहेर तवनाप्पा साचा फोडतायत.
ओतीव निघालं की वाळू कुणी बघत नाही,
ती झाडून पुन्हा चाळायची, पुन्हा दाबायची.
चाळणीवर आता घोरपड्यांचा एक गडी आहे.
पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं,
"माझं नाव कुठल्या रजिस्टरात लिवलंय, दाखवा की जरा."
मी दाखवलं.
वाचता येत नव्हतं त्याला.
तरी बराच वेळ
त्या ओळीवर बोट ठेवून उभा होता.